गल्लीने पाळलेली शांतता

आमच्या घरातल्या कुकरला सव्वा वर्ष शिट्टी नव्हती. विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती काढून कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती आणि आम्ही सगळे पातेल्यात शिजवलेली डाळ मुकाट्याने खात होतो. डाळ कधीकधी दाताखाली यायची, पण कुणी चकार शब्द काढायचं नाही. आपल्या घरात इतकी समजूतदार माणसं आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या समजूतदारपणानेच माझं दुखणं वाढत होतं, हे त्याहून उशिरा कळलं.

मी नर्स आहे. कर्जतला दहिवलीत राहते. सहा वर्षं मी येमेनमध्ये, साना शहरातल्या एका हॉस्पिटलात नोकरी केली. आमच्या भागातून नर्स, ड्रायव्हर, आचारी असे पुष्कळजण बाहेरदेशी जातात. त्यातले काही अशा ठिकाणी अडकतात जिथे लढाई येते आणि मुक्कामच ठोकते. ते परत आले की घरचे हार घालतात, पेढे वाटतात आणि सगळ्यांना वाटतं, संपलं एकदाचं. तुमच्या घरी असं कुणी परतलं असेल आणि जरा विचित्र वागत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उपचार सांगायचा मला अधिकार नाही. माझं आणि माझ्या मुलीचं काय झालं तेवढं सांगते.

*

मी गेले तेव्हा तनू दोन वर्षांची होती. तिला सासूबाईंच्या ओटीत घातलं आणि निघाले. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. पहिलं वर्ष बरं गेलं. मग लढाई सुरू झाली.

तेव्हाच परत का आली नाहीस, हे मला सगळे विचारतात. भारतातल्या लोकांना न्यायची सोय झाली होती, माझ्या ओळखीचे कितीतरी जण गेलेही. खरं सांगते, मला वाटलं महिन्याभरात मिटेल. वॉर्ड भरलेला होता, कामाची माणसं कमी होती, आणि पुढच्या महिन्यातही मला तेच वाटलं. दर महिन्याला तेच वाटत वाटत वर्षं गेली.

तिथे विमान आधी ऐकू यायचं. ते वर घिरट्या घालत राहायचं, कधी दहा मिनिटं, कधी तासभर. बाँब पडल्यावर मला भीती वाटत नसे, कारण मग हाताला काम असायचं. भीती त्या घिरट्यांची. माझ्याबरोबरची सिस्टर हनान तिथलीच, तीन मुलांची आई. तिने मला सगळं शिकवलं. खिडकीच्या काचांना चिकटपट्टीच्या फुल्या मारायच्या. झोपायचं तर बिनखिडकीच्या जागेत. कागदपत्रांची पिशवी कायम अंगावर. आणि विमान खाली आलं की कान दाबून तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे कानाचे पडदे फाटत नाहीत.

मी निघाले तेव्हा हनान म्हणाली, “तुला जायला तुझं गाव आहे. मी माझ्या गावातच आहे, मी कुठे जाऊ?” ती हे हसत म्हणाली होती. ती अजून तिथेच आहे. आठवड्यातून एकदा फोन लागतो आणि तो लागेपर्यंत मी नंबर फिरवत राहते. मी बरी होते आहे हे तिला सांगायची मला अजूनही लाज वाटते.

*

घरी आल्यावर पहिले तीन महिने मी ठणठणीत होते. हे मुद्दाम सांगते, कारण घरच्यांचा घात इथेच होतो. विहारात माझा सत्कार झाला, शाल मिळाली, मी भाषणही ठोकलं. संगीता धीराची बाई आहे असं जो तो म्हणाला आणि मीही ते खरं धरून बसले.

मग चौक गावात जुन्या हायवेलगत एका खासगी दवाखान्यात नोकरी लागली. दुसऱ्याच दिवशी दुपारी समोरच्या गॅरेजपाशी एका ट्रकचा टायर फुटला. पुढचं मला सलग आठवत नाही. इतरांनी सांगितलं ते असं. मी अरबीत ओरडले, खिडकीजवळच्या खाटेवरच्या म्हातारीला उचललं आणि खाटेखाली घातलं. तिला सलाईन चालू होतं. सुई निसटली आणि तिचा हात रक्ताने माखला. मी तिच्यावर पालथी पडून राहिले. मला बाजूला करायला दोन माणसं लागली.

म्हातारी भली होती. तक्रार तर केली नाहीच, वर मला विचारलं, “बाय, येवडी ताकद आली कुठनं गं तुज्यात?” दवाखान्याचे डॉक्टरही सभ्यपणे म्हणाले, थोडे दिवस आराम करा. आराम करा म्हणजे येऊ नका, हे मीही आजवर बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. मला कळलं. मी डबा उचलला आणि घरी आले.

विलासने त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की हिला आवाजाचा त्रास होतो.

एवढं पुरलं. आमची गल्ली म्हणजे पंचवीस-तीस घरं, एकमेकांची सोयरी नाहीतर भावकी. दुसऱ्या दिवसापासून पोरं कोपऱ्यावरच मोटरसायकल बंद करून ढकलत घरी आणू लागली. समोर ग्रिलचं काम करणारा शेजारी लोखंड कापायला दुसरीकडे जाऊ लागला. शेजारच्या मुलीची हळद डीजेशिवाय झाली. बायका भांडी घासताना ताट ताटाला लागू देत नसत. आणि त्या वर्षी भीमजयंतीची मिरवणूक, जी आमच्या गल्लीतून गेल्याशिवाय कधी पुढे सरकली नव्हती, ती कोपऱ्यावरून मुकाट दुसऱ्या रस्त्याने वळली. मी खिडकीतून निळे झेंडे लांबून जाताना बघितले. मला फार बरं वाटलं. इतकी माया कुणाच्या वाट्याला येते, असं म्हणून मी रडलेही.

पण भीती काही कमी होईना. टायरला घाबरणारी मी महिन्याभरात दाराच्या कडीला घाबरू लागले. मग चमचा पडला तरी दचकू लागले. गल्ली जितकी शांत होत गेली तितका बारीक आवाज मला ऐकू येऊ लागला. विलास पावलं न वाजवता चालायचा, आणि तो अचानक मागे उभा दिसला की माझी किंचाळी फुटायची. मग तो पाय आपटत यायला लागला, तर त्याचाही त्रास. बिचाऱ्याने चालायचं तरी कसं?

मी न्हाणीघराच्या दारात झोपू लागले, कारण घरात तेवढीच एक जागा बिनखिडकीची. तनूला बरोबर घ्यायची. सहा वर्षं आईशिवाय राहिलेली पोर, आई कुशीत घेते म्हटल्यावर ती फरशीवरही आनंदाने झोपली. मी तिला गोष्टी सांगत नसे. विमान कसं ओळखायचं, तोंड कसं उघडं ठेवायचं, कुठे दडायचं ते शिकवत असे. ती हुशार आहे. एकदा सांगितलं की विसरत नाही.

*

शाळेतल्या बाईंनी विलासला बोलावून घेतलं. टेकडीपलीकडे दगडाची खाण आहे, तिथे दुपारी सुरुंग लागतात. लांबचा आवाज, आमच्या इथली मुलं त्याच्यावरच लहानाची मोठी होतात, मान वर करून कुणी बघत नाही. गल्लीने सगळ्यांना गप्प केलं होतं, पण खाण कुणाच्या ओळखीची नव्हती. त्या दिवशी सुरुंग उडाला आणि तनूने शेजारच्या दोन मुलींना दंडाला धरून बाकाखाली ओढलं. एकीच्या कपाळाला खोक पडली. बाईंनी तनूचं दप्तर उघडलं. त्यात वह्यांच्या मागे आमचं रेशनकार्ड होतं, तिघांची आधारकार्डं, तिचा जन्मदाखला, पाण्याची बाटली आणि बिस्किटाचे दोन पुडे. मीच ठेवायला सांगितलं होतं. रोज ठेवायचं आणि कुणाला दाखवायचं नाही, असं सांगितलं होतं.

विलास घरी आला आणि त्याने ती कार्डं माझ्यासमोर फरशीवर एकेक करून मांडली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला त्यात चूक काय तेच कळेना. मी म्हणाले, मग काय कागद घरी सोडून पळायचं? त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलं आहे.

तनूला कळंबला, माझ्या नणंदेकडे, ठेवायचं आत्यांनी ठरवलं. मी भांडले. आत्या शांतपणे तिचे कपडे पिशवीत भरत होत्या.

“पोर मी वाढवली,” त्या म्हणाल्या. “तुज्यावर माजा राग नाय. पर तुजं बरं व्हईस्तवर ती हितं नाय ऱ्हायाची.”

तनू रिक्षात बसली तेव्हा रडली नाही. तिने मला विचारलं की कळंबला न्हाणीघराला खिडकी आहे का.

*

नणंदेने तिकडून एक मंतरलेला दोरा पाठवला होता. आत्यांनी तो चुलीत घातला. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, असल्या भानगडी आपल्यात नाहीत, असा त्यांचा बाणा, आणि तो मला आवडतो. पण विलास मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव काढू लागला तेव्हा त्याच आत्या बिथरल्या. “ती काय येडी हाय का?” म्हणून त्यांनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. थायरॉइड बघ, बीपी बघ, रक्त बघ, सगळं झालं. सगळं नॉर्मल आलं. रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस रडतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि ते माणूस मीच होते.

पनवेलच्या बाजूला एका मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी विचारलं, झोप कशी लागते? मी म्हणाले, छान. विलासही म्हणाला, झोपते ती. मग त्यांनी विचारलं, झोपता कुठे?

विलास खाली बघू लागला. मी सांगितलं, न्हाणीघराच्या दारात. सांगताना मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आणि मग त्या बंद खोलीत, पंख्याखाली, माझंच वाक्य मला ऐकू आलं. बाहेर दहिवली आहे, साना नाही, हे मला माहीत होतं. माहीत असूनही गेलं वर्षभर मी एकदाही खाटेवर झोपले नव्हते.

मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. पीटीएसडी, मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार. नर्सिंगला असताना परीक्षेत मी त्याच्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्या म्हणाल्या की हे सैनिकांनाच होतं असं लोकांना वाटतं, पण लढाईत राहणाऱ्या साध्या माणसांनाही होतं, त्यांना फक्त कुणी विचारत नाही. मी एकच प्रश्न विचारला. माझी मुलगी मला परत कधी मिळेल? त्या म्हणाल्या, तारीख देत नाही, पण सुरुवात आज करू. मला त्यांचा राग आला. तारीख न देणारे डॉक्टर नातेवाइकांना किती आवडत नाहीत ते मी रोज बघत आले आहे.

*

बारा दिवस भरती होते. नर्स पेशंट झाली की दोन्हीकडून मरते. पहिल्याच दिवशी ओढणी आणि पायजम्याची नाडी काढून घेतली. पेशंटने जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून काढतात, हे मला पाठ आहे, तरी हात नाडीवरून सुटेना. सकाळी गोळ्या, मग “तोंड उघडा, जीभ वर करा.” हे वाक्य मी हजार वेळा म्हटलं असेन. ते ऐकताना अंगावर शहारा येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता कधी पुन्हा ड्युटीवर उभी राहिले तर निदान आवाज खाली ठेवून म्हणेन.

रात्रपाळीच्या सिस्टरने चादर घालताना कोपरे चुकीचे दुमडले होते. मी उठून तिला नीट करून दाखवले. ती माझ्यावर दोन दिवस चिडून होती. माझ्यातली जुनी संगीता शिल्लक आहे याची मला मिळालेली ती पहिली खूण.

वॉर्डातली सफाईवाली मावशी खालापूरकडची होती. तिला कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं. ती लोखंडी बादली टेकवायच्या आधी दरवेळी म्हणायची, “बादली ठेवते गं.” दार लावायच्या आधी, “दार लावते गं.” बारा दिवसांत तिने माझ्याशी दुसरं काही बोलणं केलं नाही. त्या इस्पितळात मला सगळ्यात सुरक्षित तिच्यामुळे वाटलं.

आठव्या दिवशी मॅडमनी मावशीला तसं सांगायचं बंद करायला लावलं. माझा संताप झाला. बादली आदळली, माझी छाती धडधडली, घाम सुटला, आणि मॅडम शेजारी बसून घड्याळ बघत राहिल्या. म्हणाल्या, पळायचं नाही, भीती किती वेळ राहते ते बघू. मला वाटलं मी मरणार. अकरा मिनिटांनी ती उतरली. दुसऱ्या दिवशी नऊ. इतकी वर्षं मी भीती वाटली की जागची हललेच होते. एका जागी बसून ती उतरताना कधी बघितलीच नव्हती.

घरी सोडल्यावर दर आठवड्याला जायचं होतं. त्यात मी गल्लीबद्दल बोलले. मोटरसायकली ढकलणारी पोरं, डीजेशिवायची हळद, वळलेली मिरवणूक, सगळं अभिमानाने सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“तुमच्या गल्लीने तुम्हाला फार जपलंय,” त्या म्हणाल्या. “आता त्यांना सांगा, थोडं कमी जपा.”

बसमध्ये मी सबंध वाट रागावलेली होते. चौक गेल्यावर राग ओसरला आणि तनू आठवली. माझ्या शांत गल्लीत ती परत येऊन काय शिकणार होती? आवाज म्हणजे संकट, इतकं की सबंध गल्ली श्वास रोखून बसते. हे मी तिला शिकवलं होतंच, आता सगळे मिळून शिकवत होते.

*

जयंतीच्या तयारीची बैठक विहारात होती. मंडळाचा अध्यक्ष संदीप, विलासच्या चुलतभावाचा मुलगा. मी उठून म्हणाले की यंदा मिरवणूक आपल्या गल्लीतून न्या. ढोल-ताशासकट.

“काकी, नको,” संदीप म्हणाला. “मागच्या टायमाला तुमच्यासाठीच वळवली. तुमाला काय झालं तर आमी काकाला काय तोंड दाखवायचं?”

मी म्हणाले, “तुम्ही माझ्यासाठी वळलात ते मी जन्मभर विसरणार नाही. पण अशाने मी बरी होत नाही रे. मला पोरगी घरी आणायची आहे.”

आजारी बाईसाठी आवाज बंद करणं त्यांना कळत होतं. आजारी बाईने ढोल मागणं त्यांच्या गळी उतरेना. शेवटी सौदा झाला. ढोल वाजेल, फटाके गल्लीत नाहीत, कोपऱ्यावरही नाहीत. नणंद त्या दिवशी तनूला घेऊन येणार होती. आत्यांनी अट घातली होती. मी मिरवणूक दारात उभं राहून बघितली, घरात पळाले नाही, तर पोर राहील.

ही अट डॉक्टरांना आवडली नाही. मलाही नाही. पण आत्यांना गोळ्यांची भाषा कळत नव्हती, ही कळत होती.

त्या दिवशी मी दुपारपासून तीन वेळा ओकले. सहा वाजता ढोल ऐकू आला. मी उंबऱ्याबाहेर आत्यांचा हात धरून उभी राहिले. तनू पांढरा फ्रॉक आणि निळा पट्टा घालून पोरींच्या लेझमीत होती, सारखी मागे वळून माझ्याकडे बघत होती. ढोल जवळ आला तसा तो छातीत वाजायला लागला. मी मनात मोजत होते. दहिवली, संध्याकाळ, सहा वाजलेत, हा संदीप, या आत्या. मी उभी होते. मला वाटलं जमलं.

तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या कुणीतरी कोपऱ्यावर फटाक्यांची लड लावली. त्यांना आमचा सौदा कुणी सांगितलाच नव्हता.

मी पायरीवर बसले, हात कानावर. पण आत पळाले नाही. किती वेळ ते माहीत नाही, डोळे उघडले तेव्हा लड संपली होती. लेझीम खेळणाऱ्या पोरी खिदळत होत्या आणि तनूची लेझीम रस्त्यावर पडलेली होती. तनू नव्हती.

मी त्या गर्दीत घुसले. इतकी वर्षं मी आवाजापासून लांब पळाले होते, आता ढोलांच्या मधून तिला हाका मारत होते आणि माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. मग डोक्यात आलं की तिला मी काय शिकवलंय. उघड्यावर थांबायचं नाही, जड वस्तूखाली जायचं. मिरवणुकीतला जनरेटरचा टेंपो पुढे सरकायच्या बेतात होता. मी बॉनेटवर दोन्ही हात आपटले आणि ड्रायव्हरला शिवी दिली. तो थांबला. मी रस्त्यावर पालथी झाले.

ती मागच्या चाकांच्या मध्ये होती. गुडघे पोटाशी, हात कानावर आणि तोंड सबंध उघडं. मी शिकवलं तसंच, अगदी बिनचूक. साना शहरात मी अशी मुलं बघितली होती. माझी मुलगी रायगड जिल्ह्याबाहेर कधी गेली नव्हती.

तिला पाय धरून ओढावं असं हातांना झालं. मी ओढलं नाही. आधी मागे वळून ड्रायव्हरला किल्ली काढायला लावली. जनरेटर थांबला, ढोलही थांबले. मी म्हणाले, “तनू, फटाके होते. संपले.”

“तुला कसं माहीत?” ती म्हणाली.

मी तिला इतके महिने हेच सांगत आले होते, की आपल्याला कधी माहीत नसतं. आता मला खोटं बोलवेना.

“मलापण आधी कळलं नाही,” मी म्हणाले. “मी पण बसले खाली. मग डोळे उघडून बघितलं. तू ये, दोघी बघू.”

ती सावकाश आली. फ्रॉकला ग्रीस लागलं होतं. गल्ली पुन्हा मुकी झाली होती, सगळे गोल करून उभे. संदीपच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला म्हणाले, आता थांबू नकोस बाबा, वाजव. त्याने तनूकडे बघितलं. तिने माझा हात घट्ट धरला आणि मान हलवली. ढोल सुरू झाला. आम्ही दोघी तिथेच, टेंपोला टेकून, थरथरत उभ्या राहिलो.

*

अट मोडली की पाळली, यावर घरात कुणी बोललं नाही. आत्यांनी तनूचा फ्रॉक भिजत घातला. साबण चोळता चोळता त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “कळंबला नको धाडू तिला. पर त्या डाक्टरनीला दाखीव. मी येते संगं.” डॉक्टरांचं नाव काढलं म्हणून जिने दोन दिवस मुलाशी अबोला धरला होता तीच ही बाई. मी बादली पुढे सरकवली, कौतुक करायला गेले असते तर विचार बदलला असता.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी गेलो. मुलांना बघणाऱ्या मॅडम वेगळ्या आहेत. केसपेपरवर पेशंटचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात थांबला. आजवर तिथे माझं नाव असायचं. आईचं दुखणं मुलीला लागलं, हे आपल्या हाताने लिहायचं होतं. मी लिहिलं.

त्या मॅडमनी तनूला एकटीलाच आत घेतलं. दार लागलं. मी आणि आत्या बाहेरच्या बाकावर बसलो. आत ती काय सांगत असेल? मी तिला न्हाणीघराच्या फरशीवर झोपवलं ते? तिच्या दप्तरात कागद घातले ते? तिला माझी भीती वाटते का, हे तिथे तिला कुणी विचारेल का? मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि उचलला नाही.

तेवढ्यात व्हरांड्यात कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. फार मोठा आवाज. मी बाकाची कड धरली. मी डोळे दारावर ठेवले आणि बसून राहिले.

दार उघडलं. मॅडमनी डोकं बाहेर काढलं.

“तनू विचारतेय, तुम्ही ठीक आहात का?”

हो म्हणणं सोपं होतं. सगळ्या आया म्हणतात.

“तिला सांगा,” मी म्हणाले, “आई घाबरली. पण बाकावरच बसली आहे.”